आमिषाची खोडं

मंगळवारी सकाळी कॉफीचा दुसरा कप अजून कोमटही झाला नव्हता, तेव्हा द्राहोमिराच्या पडद्यावर तिच्या वडिलांनी लिहिलेल्या चार ओळी उघडल्या आणि ती दचकली. एरवी त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. ब्रनो शहरातल्या ज्या छापखान्यात ती सव्वीस वर्षं मजकूर लावत होती, तिथे पाट्यांचंच काम चाले. बागेच्या पाट्या, दफनभूमीच्या पाट्या, कुत्र्यांना आवरा म्हणून दटावणाऱ्या पाट्या, आणि सगळ्यांत जास्त रानातल्या निसर्गवाटांच्या. घुबड, बुरशी, मुंग्यांचं वारूळ, कुजलेलं एक लाकूड किती जिवांना पोसतं त्याचा तक्ता. माणसं रविवारी लेकरांना घेऊन जातात, पहिल्या दोन पाट्या मन लावून वाचतात आणि पुढच्या पाट्यांना सायकली टेकवून पाव खातात, हे तिला माहीत होतं. तरी एखादा स्वल्पविराम चुकला तर तिला चैन पडत नसे. तिच्या जन्मगावच्या, ओलेश्नाच्या निसर्गवाटेच्या नऊ पाट्या नव्याने व्हायच्या होत्या, कारण जुन्या पाट्यांवर जे रान होतं ते आता जमिनीवर उरलं नव्हतं. आठ पाट्या झाल्या होत्या. पाचवीच्या मागच्या बाजूचा भुंगेऱ्यांचा तक्ताही तयार होता; पुढचा मजकूर बाबा स्वतः लिहिणार होते, आणि त्यांनी तो लिहिला होता. ‘इथे चाळीस हेक्टर स्प्रूसचं रान होतं. २०१८ च्या मे महिन्यात भुंगेऱ्यांसाठी ठेवलेली आमिषाची अकरा खोडं वेळेत सोलली गेली नाहीत. सोलायचा निरोप द्यायला मी विसरलो. वेंडेलिन कालाबेक, फॉरेस्टर.’

“काय गं, चेहरा का असा पांढराफटक?” शेजारच्या टेबलावरून इव्हेता म्हणाली. इव्हेता तिच्याहून वीस वर्षांनी लहान, तोंडाने तिखट आणि मनाने बरी. “काही नाही. ओळ लांब होतेय,” द्राहोमिरा म्हणाली. “मग छाट की. रानात कोण वाचतंय!” इव्हेता हसली आणि पुन्हा आपल्या दफनभूमीच्या नकाशाकडे वळली. द्राहोमिराने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. सहा वर्षं जी गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती, नवरा सोडून गेला तेव्हा भांडणाच्या भरातही तिच्या तोंडून निघाली नव्हती, ती आता पत्र्यावर छापायला तिच्याच टेबलावर आली होती. आणि आली ती उलटी होऊन, भलत्याच माणसाची सही घेऊन. निरोप द्यायला बाबा विसरले नव्हते. बाबांनी निरोप दिला होता, आणि तो तिच्याकडे दिला होता.

आमिषाची खोडं म्हणजे काय ते ती सातव्या वर्षी शिकली, वाचायला नीट यायच्याही आधी. मार्चमध्ये स्प्रूसची धडधाकट सूचिपर्णी झाडं पाडायची, फांद्या छाटायच्या आणि खोडं रानातच आडवी टाकून वर त्याच फांद्या पसरायच्या. पाडलेलं झाड स्वतःला वाचवू शकत नाही, त्याला डिंक ओकून भुंगेरा बुडवता येत नाही, आणि हे भुंगेऱ्याला वासावरून कळतं. वसंतात ऊन तापलं की तांदळाच्या दाण्याएवढे ते तपकिरी किडे हजारांनी येतात, उभी झाडं सोडून आडव्या खोडांवर तुटून पडतात, सालीखाली शिरून अंडी घालतात. तिथवर सगळं माणसाच्या मनासारखं होतं. मग मात्र दिवस मोजायला लागतात. अंड्यांच्या अळ्या होतात, अळ्या पांढऱ्या असतात तोवर साल सोलून काढली की संपलं, उन्हावाऱ्याने दुपारपर्यंत मरतात. आठ-दहा दिवस उशीर झाला तर त्याच खोडातून दसपट भुंगेरे उडतात आणि आपणच पोसलेली ती फौज आपल्याच रानावर चालून जाते. बाबा दर तिसऱ्या दिवशी जाऊन प्रत्येक खोडावर चाकूने तळहाताएवढी खिडकी पाडत, चष्मा कपाळावर चढवून आत बघत, आणि ओलेश्नाच्या रानात असा शिरस्ता होता की फॉरेस्टरने खिडकी पाहून शब्द दिल्याशिवाय सोलणी कुणी हातात घ्यायची नाही. लवकर सोललं तर आमिष वाया जातं, म्हणून. “बघ,” ते सात वर्षांच्या पोरीला म्हणायचे, “ही मधली उभी वाट आईची. तिच्या दोन्ही अंगांनी निघालेल्या या बारीक वाटा पोरांच्या. जसजशी पोरं वाढतात तसतशी वाट रुंद होते. कुठल्याच दोन वाटा एकमेकींना कापत नाहीत, बघितलंस?” तिने बघितलं होतं. तिला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. बोटांना लागलेला डिंक घरी आल्यावर आई लोणी लावून काढायची आणि काढताना पुटपुटायची, “तुझ्या बापाने लग्न रानाशी केलं, मला नुसतं स्वयंपाकाला आणलंय.” आई ते हसत म्हणायची. पुढे पुढे हसणं गेलं आणि वाक्य राहिलं.

आई गेली तीही मार्चमध्येच, यिह्लावाच्या दवाखान्यात, २००९ साली. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की घरच्यांना बोलावून घ्या. बाबा झाडं पाडत होते, फोन जीपमध्ये होता. ते आले तेव्हा आईच्या पायांवरची चादर नर्सने नुकतीच नीट केली होती. द्राहोमिराने त्या पायांना हात लावला, ते गार होते, आणि तिच्या हाताशेजारी बाबांचा हात आला तर त्याला डिंकाचा वास. ताजा, गोडसर, कुणालाही आवडावा असा. तिने आपला हात काढून घेतला. बाबा दोन दिवसांनी आईला पुरून आल्यावर पुन्हा रानात गेले, कारण सूर्य काही कुणासाठी थांबत नाही आणि भुंगेराही नाही. ती ब्रनोला परतली. त्यानंतर ती त्यांना नाताळात भेटे, वाढदिवसाला फोन करी, आणि आपण चांगली मुलगी आहोत असं स्वतःला सांगे. आणि पोटात कुठेतरी ते चादरीचं दृश्य तसंच घडी घालून पडून होतं.

म्हणून २०१८ च्या मेमध्ये बाबा मचाणाच्या शिडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि ती धावत यिह्लावाला गेली, तेव्हा ती कुणाच्या तरी मायेने गेली की कुणाला तरी दाखवायला गेली, हे आजही तिला सांगता येत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते अर्धवट शुद्धीत होते. ओठ सुकलेले, नाकात नळी, त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा माणूस. तिने कापसाने ओठ ओले केले. त्यांनी डोळे उघडले, तिचं मनगट पकडलं, आणि ती वाट बघत राहिली की आता ते म्हणतील, आलीस पोरी. ते म्हणाले, “बोरझेकला सांग. खोडं सोलायला घे म्हणावं. शनिवारच्या आत. अळ्या पांढऱ्या आहेत अजून. पुढच्या आठवड्यात उशीर होईल.” “सांगते,” ती म्हणाली. “शनिवारच्या आत.” “हो बाबा, सांगते.” त्यांनी मनगट सोडलं आणि झोपले. ती बाहेर आली. बोरझेक तिच्याच शाळेतला, गावच्या रानात मजुरी करणारा. त्याचा नंबर तिच्याकडे होता. फोन हातात होता. त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षांपूर्वी ती चादर सारखी केली गेली होती. ती फोनकडे बघत उभी राहिली आणि तिच्या मनात शब्दांत आलं ते असं: तुमची झाडं मरू देत की एकदा. मग तिने फोन पर्समध्ये टाकला. शनिवारी तिने ब्रनोत सँडल घेतले. रविवारी संध्याकाळी केस धुताना, डोळ्यांत साबण असताना, निरोप आठवला, आणि तिने ठरवलं, उद्या. सोमवारी वाटलं, बोरझेक काय कुक्कुलं बाळ आहे, त्याला दिसत नाही का खोडं. मंगळवारी ती खरोखर विसरली. सहा वर्षांत तिने हे दिवस इतक्यांदा उलगडून पाहिले होते की फक्त तो मंगळवार तेवढा तिला निर्मळ वाटे. त्या एका दिवसाच्या विसरण्याबद्दल तिला कुणी शिक्षा केली असती तर ती तिने आनंदाने भोगली असती.

त्या वर्षी एप्रिलपासूनच ऊन जाळत होतं, सगळं दोन आठवडे लवकर चाललं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात अकरा खोडांतून भुंगेरे उडाले. बोरझेक फॉरेस्टरच्या शब्दाची वाट बघत बसला होता, शिरस्त्याप्रमाणे; फॉरेस्टर दवाखान्यात तापाच्या ग्लानीत पडला होता, दिवसांचा हिशेब सुटलेला. जुलैत बाबा कुबड्यांवर घरी आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा उतार वरून तांबडा पडायला लागला होता. ते खिडकीशी उभे राहिले. ती मागे टेबलाशी पाव कापत होती. त्यांनी मागे न वळता विचारलं, “द्राहा, त्या दिवशी दवाखान्यात मी तुला काही बोललो होतो का गं? खोडांचं?” तेवढाच एक क्षण होता. पावाची सुरी अर्ध्यात थांबली. हो म्हणायला लागतं किती! “नाही बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही झोपेतच होता.” त्यांनी मान हलवली, दोनदा, एखादा हिशेब जुळावा तशी. त्या दिवसापासून ते दोषी झाले.

पुढे जे झालं ते सगळ्याच डोंगराळ भागात झालं. पाऊस नाही, मुळं कोरडी, सगळं रान एकाच वयाचं, एकाच जातीचं, आजोबांच्या काळात रांगेत लावलेलं. असं रान म्हणजे भुंगेऱ्याला मांडून ठेवलेलं जेवणाचं ताट. हे तिला आता तोंडपाठ होतं. आजारी माणूस आपल्या रोगाबद्दल वाचतो तसं तिने रानाबद्दल वाचून काढलं होतं. ओलेश्नाचं रान आज ना उद्या जाणारच होतं, एक वर्षाने, फार तर तीन; पण गेलं ते सगळ्यांत आधी, आणि शेजारच्या दोन गावांनी बोट दाखवलं ते ओलेश्नाकडे, आणि ओलेश्नाने फॉरेस्टरकडे. बोरझेकने त्यांच्याशी बोलणं टाकलं. गुत्त्यात बाबा ज्या टेबलावर बसत तिथून माणसं उठत नसत, तेवढं गाव सभ्य होतं, पण पत्ते खेळायला कुणी बोलावत नसे. तिने स्वतःला किती वेळा समजावलं, अकरा खोडांनी काही देश उजाड होत नाही. खरंच होत नाही. पण बाबा सकाळी उठून आरशात कुणाला बघत असतील, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बुधवारी तिने ती ओळ काढून टाकली. ‘सोलायचा निरोप द्यायला मी विसरलो’, एवढीच. उरलेल्या मजकुराची मांडणी उलट जास्त छान बसली, आजूबाजूला मोकळी जागा आली. खोडं वेळेत सोलली गेली नाहीत. कुणाची चूक ते नाही. तिने कच्ची प्रत ओलेश्नाला पाठवली आणि संध्याकाळी ट्रामने घरी जाताना तिला इतकं हलकं वाटलं की ती दोन थांबे आधीच उतरून चालत गेली. गुरुवारी दुपारी बाबांचा फोन आला. “द्राहा, अगं पाचव्या पाटीतली एक ओळ गळलीय तुझ्या हातून.” तिने कच्ची प्रत पडद्यावर उघडली. “शाळेतही तू असंच करायचीस, शुद्धलेखनातली मधलीच ओळ खायचीस. घाल हं परत. बाकी मस्त झालंय. तो तीनबोट्या सुतार पक्षी तर अगदी उडेल असं वाटतंय.” “बाबा, ती ओळ असायलाच हवी का?” “हवी.” “पाटी वीस वर्षं टिकते. पोरं वाचतील.” “पोरांसाठीच तर आहे,” ते म्हणाले. “पहिल्या चार पाट्यांवर काय शिकवतोय आपण? की रानात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. मग पाचवीवर येऊन गुळमुळीत बोलायचं? मग कशाला घालायची ती वाट, बाग काढा म्हणावं सरळ.” तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. फोनवर सांगणं सोपं असतं, समोर चेहरा नसतो. पण समोर इव्हेता होती, मागे यंत्र धडधडत होतं, आणि शनिवारी पाटीपाशीच बोलू, सगळ्यांसमोर, हे अचानक तिला इतकं बरोबर, इतकं नीटनेटकं वाटलं की तिने ओळ परत घातली आणि पत्रा छापायला पाठवला. आपण धीट झालो आहोत असं तिला वाटलं. खरं तर तिने आणखी दोन दिवस मिळवले होते.

शनिवारी ओलेश्नात वीसेक माणसं जमली. सरपंच हेदविका, हिरव्या जाकिटात, खसखशीच्या कोलाचांचा, गोल गोड पावांचा, मोठा डबा घेऊन. शाळेच्या बाई आणि त्यांची सात-आठ पोरं. आजूबाजूच्या गावांतले काही म्हातारे. बोरझेक सगळ्यांच्या मागे, हात खिशात. तो आला होता ते पाट्यांचे खांब त्याने रोवले होते म्हणून, असं त्याने दोघातिघांना न विचारता सांगितलं. बाबा काठी घेऊन पुढे. एकोणऐंशी वर्षांचे बाबा जुन्या गणवेशाच्या कोटात होते, आणि तो कोट आता त्यांना दोन मापं मोठा होत होता. वाट सुरू झाली तिथे पूर्वी आत शिरताच अंधार व्हायचा, मे महिन्यातसुद्धा अंगावर शहारा यायचा, पायाखाली सुयांचा गादीसारखा थर. आता पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळी वाट एका नजरेत दिसत होती. बुंधे, कमरेएवढं गवत, मधूनच उभं राहिलेलं एखादं सालगळतं झाड, हाडासारखं राखाडी. आणि त्या सगळ्यावर ऊन, कुठे लपायला जागा नाही असं. तिला वाटलं आपण एका घरात आलो आहोत ज्याच्या भिंती काढून नेल्या आहेत आणि तरी लोक बोटाने दाखवताहेत, हे देवघर, हे माजघर.

बाबा मात्र रंगात आले होते. त्यांचा आवाज तिने इतक्या वर्षांत इतका मोकळा ऐकला नव्हता. दुसऱ्या पाटीपाशी त्यांनी पोरांना गुडघ्यांवर बसवलं. “हे काय?” “गवत!” “गवत तर आहेच, गवतात काय?” एका मुलीने बर्चचं बोटभर रोप शोधलं. “शाबास! हा सगळ्यांत आधी येतो. वाऱ्यावर बी उडवतो, उघड्यावर वाढतो, आणि सावली करतो दुसऱ्यांसाठी. त्याच्या सावलीत मग कोण येतं? बीचचं झाड येतं, सिल्व्हर फर येतो, त्यांना लहानपणी ऊन सोसत नाही, लाडावलेली पोरं ती. आणि ही मोठी झाली की बर्चलाच खाऊन टाकतात.” “म्हणजे बर्च वेडा आहे,” ती मुलगी म्हणाली. “हो ना,” बाबा म्हणाले, “आईबापांसारखा.” सगळे हसले. द्राहोमिराही हसली आणि हसतानाच तिच्या लक्षात आलं की पुढची पाटी तिसरी. तिसऱ्या पाटीपाशी पडलेल्या लाकडावरची बुरशी, लाकूड मेल्यावर त्यात जिवंतपणी असतात त्याहून जास्त जीव राहतात, हे बाबांनी साल उचकटून दाखवलं. चौथ्या पाटीपाशी सुतार पक्षी. ती ऐकत होती, शब्द तिला आधीच माहीत होते, बहुतेक तिनेच लावले होते, आणि तरी ते दुरून येत होते. काय बोलायचं ते तिने बसमध्ये येताना ठरवून ठेवलं होतं, तीन वाक्यं. मला निरोप दिला होता. मी तो पोचवला नाही. मी नंतर खोटं बोलले. तीन वाक्यांना श्वास लागतो कितीसा. पण चौथी पाटी आणि पाचवी पाटी यांच्यात उतार होता, बाबा काठीवर भार देत हळू उतरत होते, तिने त्यांचा दंड धरला, आणि कोटाच्या बाहीत तिला हाडच लागलं.

पाचव्या पाटीपाशी बाबांनी मजकूर वाचून दाखवला नाही. ते बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, “वाचा.” माणसांनी वाचलं. पोरांतल्या एकीने मोठ्याने वाचलं, शेवटची ओळ अडखळत. म्हाताऱ्यांनी जमिनीकडे पाहिलं. सरपंच हेदविका म्हणाली, “फॉरेस्टरसाहेब, मी तुम्हाला म्हटलं होतं, एवढं लिहायची गरज नव्हती. त्या वर्षी सगळीकडेच...” “गरज होती, बाई,” बाबा म्हणाले. मग ते पोरांकडे वळले. “शब्द देणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. रान माणसाच्या हातावर विसंबून असतं तेव्हा माणसाने विसरायचं नसतं, एवढंच इथे शिकायचं. चला पुढे.” त्यांचा आवाज शेवटी फुटला. आणि द्राहोमिरा म्हणाली, “थांबा.”

तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “ही पाटी चुकीची आहे,” ती म्हणाली. “बाबा विसरले नव्हते. त्यांनी दवाखान्यात मला निरोप दिला होता, गुरुवारी, बोरझेकला सांग म्हणून. मी सांगितलं नाही. आठवत असून सांगितलं नाही. मग त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. चूक माझी आहे.” झालं. सहा वर्षं जे बोलायला जमलं नाही ते मिनिटभरात बोलून झालं. तिला वाटलं आता आभाळ कोसळेल. निदान बोरझेक शिवी तरी देईल. ती वाट बघत राहिली. तिला ती शिवी हवी होती, तहान लागल्यासारखी हवी होती.

बाबा तिच्याकडे बघत होते. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग हळूहळू डोळे भरले आणि ते हसले, सगळा चेहरा सुरकुतून हसले. “ऐकलंत?” ते लोकांना म्हणाले. “पोर बघा माझी! मीच विचारलं होतं तिला, तेव्हाच. मी काही बोललो नव्हतो. भूल दिलेला माणूस काय बोलणार? आता बापाची लाज राखायला सगळं स्वतःवर घेतेय.” “बाबा, खरं सांगतेय मी,” ती म्हणाली, “तुम्ही माझं मनगट धरलं होतं, अळ्या पांढऱ्या आहेत म्हणालात—” “अगं, पाटीच्या मागच्या बाजूला सगळं तूच छापलंयस ते, पांढऱ्या अळ्या नि काय,” बाबा म्हणाले आणि कुणीतरी हलकंसं हसलं, प्रेमाने. शाळेच्या बाई डोळे पुसत होत्या. सरपंच हेदविकाने पुढे येऊन द्राहोमिराला जवळच घेतलं. “अशी लेक हवी,” ती पोरांना म्हणाली. “शिका जरा.” जितकं ती नाही नाही म्हणाली तितका त्या बाईचा हात तिच्या पाठीवर जास्त मायेने फिरत राहिला. तिचं एकेक खरं वाक्य त्या लोकांच्या डोळ्यांदेखत खोटं होत होतं, आणि दर खोट्यागणिक ती आणखी चांगली होत होती.

मग बोरझेक पुढे आला. तिला वाटलं, हा तरी विश्वास ठेवील, याला तरी ठाऊक असेल. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही, आणि बाबांपुढे जाऊन उभा राहिला. “फॉरेस्टरसाहेब,” तो म्हणाला, घसा साफ करून. “मलाही दिसत होतं ते. खोडांखाली भुसा पडलेला. मीही सोलायला हवं होतं, शब्द आला नाही तरी. मी अडून बसलो.” त्याने हात पुढे केला. “हिच्यासारखी पोर जर सगळ्यांसमोर एवढं बोलू शकते, तर मी कोण लागून गेलो सहा वर्षं अबोला धरायला!” बाबांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. पुढच्या चार पाट्यांपाशी बोरझेकच त्यांचा दंड धरून चालला. द्राहोमिरा मागून चालली. कुणीतरी तिच्या हातात खसखशीचा कोलाच दिला, तो तिने सगळा खाल्ला, कारण हातात धरून काय करणार.

दुपारी बाबा तिला बसथांब्यावर सोडायला आले, येऊ नका म्हटलं तरी आले. गुत्त्यात बोरझेकने त्यांना पत्त्यांना बोलावलं होतं, तिकडे जायची घाई त्यांच्या पायांत दिसत होती. बाकावर दोघं शेजारी बसले. समोरच्या उतारावर ऊन होतं. “सहा वर्षं मला वाटत होतं,” बाबा म्हणाले, “की तुला माझी लाज वाटते. येत नव्हतीस फार. आईच्या वेळचंही तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. मी तेव्हा यायला हवं होतं. ते मी कधी बोललो नाही.” तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. “आज तू जे केलंस ना, द्राहा...” ते थांबले, रुमालाने नाक पुसलं. “आता मला काही नको. खरंच काही नको.” बस वळणावर दिसली. ते उठू लागले आणि अर्ध्यात परत बसले. त्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं. आणि तिला त्या चेहऱ्यावर प्रथमच एक भीती दिसली, लहान पोराच्या चेहऱ्यावर असते तशी उघडी, की आत्ता हातात आलेलं कुणी काढून तर घेणार नाही.

“खोटंच बोललीस ना गं, पोरी?” त्यांनी विचारलं. “माझ्यासाठी?”

बस येऊन थांबली, दार उघडलं. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच.”